आलोच मी

डॅन्यूबकाठी अठरा दिवस
मी पाहिली ती बहुतेक तुझी पाठच, निशिकांत.
घामाचा नकाशा, कडेने मिठाची रेघ,
कॅरियरवर वाळत घातलेले माझे मोजे.

व्हिएन्नाच्या अलीकडे चेन तुटली
तेव्हा भांडलो, मराठीत, अगदी मोकळ्या आवाजात;
कुणाला काय कळतंय?
एक म्हातारी फाटकातून आली,
दोघांच्या हातावर एकेक जर्दाळू ठेवून गेली.

यवतेश्वरच्या घाटात आता
तिसऱ्या वळणावर तू उतरतोस.
"हो पुढं, आलोच मी."
खाली साताऱ्यात दिवे लागतायत.
मी पुढं होते. वळून बघत नाही,
तुला आवडत नाही ते.
मागून फक्त फ्रीव्हीलची टिकटिक येते.

ती थांबली
की मीही ब्रेक दाबते
आणि तहान नसताना पाणी पिते.