रातांबी

असगोलीच्या चढावर बेहेऱ्यांचा बंगला,
त्याच्या दिवाणखान्यात एक शेकोटी,
भिंतीतली, विटांची, धुराड्यासकट.
इथे, जिथे मार्गशीर्षातही
बनियन पाठ सोडत नाही.

विटा कराडहून ट्रकने आल्या.
आमच्याकडे चिरा, विटेला कोण विचारतो.
सुदाम गवंडी दोनदा खात्री करून आला,
"चूल नक्की आतच ना? सोफ्यासमोर?"

बाई फोनवर म्हणाल्या,
"पांढरा नको, करडा नको,
काहीतरी धीट करा."

धीट.
पंचवीस वर्षं मी होड्या रंगवतो.
होडीचा रंग धीट असतो तो हौसेने नाही,
धुक्यातून परतताना
किनाऱ्यावरच्या डोळ्यांना कळावं
ही आपली की मुकादमांची.
शेकोटीला कुठून परतायचंय?

शृंगारतळीच्या दुकानात मी स्वतःच मिसळला,
लाल, मग जांभळा, मग निळ्याचं एक बोट.
काठीने ढवळत असताना
दुकानाचा पोऱ्या वाकून बघत म्हणाला,
"ह्यो तर रातांबो!"
खरंच. वैशाखात फोडलेला,
मीठ पडायच्या आधीचा.

वीट रंग पिते.
पहिला हात गेला कुठे, कळलंच नाही.
दुसऱ्याला जरा लाली आली.
तिसऱ्या हाताला, भर दुपारी,
खोलीतल्या बाकी सगळ्या वस्तू
एक पाऊल मागे सरकल्या.
सांध्यांत ब्रश शिरेना,
तिथे दाढीचा जुना ब्रश चालवला.
पण तोंडाच्या आत, जिथे जाळ लागायचा,
तिथे हात नेला नाही.
सवय.
बाईंनी फोटो बघून विचारलं, "आत का सोडलंय?"
म्हटलं, "पेटवाल ना कधीतरी."
पलीकडे हसू ऐकू आलं.

अर्धा डबा उरला.

घरी मागल्या पडवीत हिरावतीची चूल,
तीन चिरे आणि वर्षानुवर्षांची काजळी.
गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी
त्याच्यावर करायचं तिला पटत नाही.
डबा बघून म्हणाली,
"मग आमालाबी करा की धीट."

काथ्याने घासली, लिंपण खरवडलं,
चिऱ्याची भोकं विटेहून अधाशी,
डबा पालथा झाला.
तीन दिवस वाळू दिली.
तीन दिवस गॅसवरचा भात
तिने तोंड वाकडं करून गिळला.

चौथ्या दिवशी करवंट्या, पिढे, जाळ.
आधी वास आला, होडी पेटल्यासारखा.
मग फोड आले, एक, दोन,
तेल उडाल्यावर हातावर येतात तसे.
रात्रीच्या बांगड्याला टर्पेंटाइनची चव.
धाकट्याने ताट सरकवलं.
मी मान खाली घालून काटे काढत बसलो.
हिरावती मात्र पोट धरधरून हसली,
"गार चूलच नटते ओ!
तापलेलीला कुठला पावडर-कुंकू."

बेहेरे वर्षातून दोनदा येतात, चावी माझ्याकडे.
परवा गेलो होतो वाळवी बघायला.
शेकोटी तशीच, हात लावला तर
डाग पडेल असं वाटावं इतकी ताजी.
आत मांजर व्याली आहे.
तीन पिल्लं, एकाचे डोळे अजून मिटलेले.
मी गोणपाट अंथरलं.
बाईंना अजून कळवलं नाही.

आणि आमच्या चुलीला, भिंतीकडच्या अंगाला,
जिथे आच पोचत नाही,
तळहाताएवढा रातांबा उरला आहे.
दर सोमवारी हिरावती चूल सारवते.
शेणामातीचा हात तिथवर आणते
आणि वळवते.