घोट्याच्या वर

पाटीवर लिहिलंय: पायांचा दवाखाना.
खाली बारीक अक्षरात कुरपं, भेगा, मधुमेहाच्या जखमा,
आत वळलेलं नख.
रंगाऱ्यानं शेवटी ‘व इतर’ असंही रंगवलं होतं.
मी ते पुसायला लावलं.
शरणपूर रोडवर ‘व इतर’मध्ये काय काय मावतं, ठाऊक आहे मला.

निनाद बच्छाव, वय सव्वीस.
सातपूरच्या कारखान्यात दिवसभर व्हर्नियर लावून
दुसऱ्यांच्या चुका मिलिमीटरमध्ये मोजतो.
स्वतःची उंची सांगितली पाच चार.
मी पट्टीपाशी उभं केलं नाही.

‘तीन इंच,’ तो म्हणाला,
शिंप्याला सांगावं तसं.
नडगी कापायची, फट ठेवायची,
रोज एक मिलिमीटर ती रुंदावायची,
हाड वेडं, मागून भरत येतं.
त्याला सगळं पाठ होतं,
माझ्यापेक्षा जास्त.
आई दाराशी. चपला बाहेर काढून बसलेली.

मुंबईहून एकाचा दोनदा फोन येऊन गेलाय:
मॅडम, पाय तो पाय,
घोट्याच्या खाली काय नि वर काय,
परदेशात चार दिवसांचा कोर्स, प्रमाणपत्र फ्रेमसकट,
नाही म्हणून कुठे लिहिलंय का?
मी शोधलं. तासभर शोधलं.
तासभर का, ते कुणाला सांगितलं नाही.
दवाखान्याचा हप्ता दहा तारखेला असतो.

निनादला म्हटलं, माझी हद्द घोट्यापाशी संपते.
वरचं हाडांच्या डॉक्टरांना विचारा,
आणि आधी हे विचारा, की ते नाही कधी म्हणतात.

तो टेबलाखाली बघत होता.
तिथे एक पाट आहे.
चार फूट दहा इंचांच्या बाईचे पाय
खुर्चीवरून जमिनीला पोचत नाहीत.
‘तुम्हाला कधी वाटलं नाही?’

वाटलं.
विसाव्या वर्षी, गंगापूर रोडच्या एका दिवाणखान्यात
बशी खाली ठेवून मला भिंतीला पाठ लावायला सांगितली होती.
म्हटलं, बाहेर पेशंट थांबलेत.

फेब्रुवारीत आई एकटी आली.
तळव्याला जखम, साखर तीनशेच्या वर.
मी कापूस भिजवला.
केलं त्यानं, म्हणाली. मखमलाबादचा प्लॉट गेला.
कुणी केलं?
‘पायांच्याच डॉक्टरांनी. तुमच्यासारख्याच.’
हे तिनं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं.
अकरा पानांवर सह्या केल्या पोरानं, मराठीत.

या गावाचं नाव म्हणे कापलेल्या नाकावरून पडलं.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
आता विचारतात. छापील विचारतात.

‘पाना मीच फिरवते. पाव मिलिमीटर, चार वेळा.
चहाच्या वेळा धरल्यात, म्हणजे चुकत नाही.’
मग पदरानं पुसून मोबाइल पुढे केला.
फोटोत पाऊल खाली झुकलेलं,
बोटं ताणलेली, जणू फळीवरचा डबा काढतोय.
टाच जमिनीपासून चार बोटं वर.
हाड वाढलं. मागची शीर नाही वाढली.
ते डॉक्टर काय म्हणतात?
‘जवळच्या कुणाला तरी दाखवा, म्हणतात.’

टाच.
घोट्याच्या खाली.
पाटीप्रमाणे माझीच.

मला राग आला होता, आणि हातात तिचा पाय होता.
पट्टी थोडी घट्ट बसली, सोडून परत बांधली.

बुधवारी आणा, म्हटलं. जिना नाही, उतार आहे.
त्या हाडांच्या सरांनाही बोलावते, ते येतील.
आणि पाना आजपासून फिरवू नका.
एवढं बोलायचा हक्क मला आहे का,
माहीत नाही, पण बोलले.

ती चपला शोधत होती.
उंबऱ्यावरून वळून म्हणाली,
‘आज दुपारचा पाव राहिलाय. तो?’