सातवी प्रत

द्राहोमीराबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं,
काउंटरवर ठेवलं. हातमोजे काढले नाहीत.
दीडशे पानं, फिकट हिरवं मुखपृष्ठ, त्यावर ट्रॅमचं तिकीट.
मी सवयीनं आधी कणा बघितला,
मग पहिलं पान.
प्रकाशकाच्या जागी त्यांचंच नाव.

"स्वतःच काढलंत?"
प्रश्न साधा होता, आवाज साधा नव्हता.
ब्रनोत बावीस वर्षं दुकान चालवतोय,
हा आवाज कमवायला तेवढी लागतात.

"पेन्शनमधून," त्या म्हणाल्या. "दोनशे प्रती.
एकशे चौऱ्याण्णव पलंगाखाली आहेत."

मी नेहमीचं बोललो. जागा कमी, वितरकाचे करार,
आणि खरं सांगायचं तर
आठवड्याला अशी चार माणसं येतात,
कुणाची आजारपणाची डायरी, कुणाचा ड्रॅगन.
पदरमोड करून छापतात
आणि मामेभावाखेरीज कुणी वाचत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं.
"तुम्ही ओटाकार ना? यारोमीरचा धाकटा?
ब्याऐंशी साली सातवी प्रत तुमच्या घरी जायची."

सातवी प्रत.
सहा कार्बनांच्या तळाची,
कांद्याच्या सालीसारखी पातळ, अक्षरं धुरकट,
अर्धी डोळ्यांनी वाचायची, अर्धी अंदाजानं.
दोन रात्री, मग पुढच्या घरी.
खिडकीला ब्लँकेट लावून वाचलीय मी.
कुणी काढली, हे आम्ही विचारत नसू.
विचारणारे दार ठोठावत यायचे,
तेव्हा ती कोळशाच्या बादलीत जायची.

"कारखान्यात आठ तास टाईप, मग घरी हे.
सातव्या कागदापर्यंत पोचायचं तर
कळ हातोडीसारखी मारावी लागते."
हातमोजा तेव्हा निघाला.
तर्जनीचं पेर अजून वाकडं.

मी विरघळायच्या बेतात होतो.
त्यांनीच अडवलं:
"त्यातल्या निम्म्या भिकार होत्या हो.
बंदी होती म्हणून गोड लागल्या.
हेही भिकार असेल. वाचून सांगा,
भीड नको."

पाच प्रती ठेवून घेतल्या.
दर्शनी खिडकीत नाही,
गल्ल्याजवळ, शहराच्या नकाशांशेजारी.
तेवढीच माझी छाती.

रात्री वाचायला घेतलं, पडदा उघडा ठेवून,
हातात पेन्सिल.
बेचाळिसाव्या पानापर्यंत ठीकठाक,
उपमा जरा जास्तच.
मग डेपोत, शेवटच्या फेरीनंतर,
एक कंडक्टरबाई विसरलेल्या छत्र्या मोजते
आणि प्रत्येकीशी
तिच्या मालकाच्या आवाजात भांडते.

तिथं पेन्सिल खाली ठेवली.

एकसष्टाव्या पानावर एक ओळ दोनदा छापलीय.
उद्या सांगेन त्यांना.