समाधानाचा कागद

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, खोली नंबर अकरा.
पोरगी कागद घेऊन आलीय, एक ते पाच आकडे.
म्हणते, केवळबाई, सेवेबद्दल समाधानी आहात का?

थांब जरा. आकडा मागून सांगते.

भरताची वांगी मी कपाशीच्या काट्यांवर भाजते.
गॅसवरच्या भरताला मी भरीत म्हणत नाही.
चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, दीड मणाची ऑर्डर,
इंगळावर पाय दिला आणि मला कळलंच नाही.
वास आला तेव्हा वाटलं, वांगं करपलं.

साखरेनं पाय कधीचा मुका केलेला.

इथं आले तेव्हा जखम जुन्या रुपयाएवढी,
आणि तिच्या आत आणखी एक खोली.
तडवी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठा ठेवू.
धुळ्याहून आलेले मोठे सर्जन म्हणाले, काढू.
पट्टी बांधणारा गेंदालाल पावरा
खाली बघत म्हणाला, आठ दिवस द्या, मी रोज धुतो.
फेगड्यांची मृणाल, माझं खाणंपिणं बघणारी, ती तर चिडलीच:
सगळे पायाकडे बघताय,
ही बाई दिवसाला चार केळी खाते!

मी टेबलावर पडून ऐकत होते.
माझ्या एका पायावरून चार माणसं भांडत होती.
माझं लग्न ठरलं तेव्हाही
माझ्यावरून इतकं कोणी बोललं नव्हतं.

दर मंगळवारी सिस्टर जखमेवर पारदर्शक कागद ठेवून
कडा गिरवायची, तारीख घालायची.
रुपया. चिंचोका.
मध्ये एकदा पुन्हा रुपया.
रागावलं कोणी नाही. मृणालनं फक्त पाहिलं माझ्याकडे,
आणि मी कबूल केलं:
पुतण्याच्या हळदीतली जिलबी, दोन वेढे.

उखा अहिरे बुधवारी येतो, चपलेचं माप घ्यायला.
त्याच्या बापानं माझ्या बापाच्या वहाणा शिवल्या
उंबऱ्याबाहेर बसून.
उखा डॉक्टरीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो,
माझा पाय मांडीवर घेतो आणि त्यांनाच सांगतो,
इथं भार येतोय, इथं मऊ लागेल.
त्या लिहून घेतात.

गेंदालाल रोज विचारायचा, "दुखस का, माय?"
मी म्हणायचे, "नही रे भाऊ."
बावन्न दिवस.
त्रेपन्नाव्या दिवशी, काठाला, मुंगी चावावी तसं काहीतरी.
"दुखस," मी म्हटलं.
त्याच्या हातातला चिमटा हवेतच राहिला.
मग त्यानं दारातून हाक मारली,
आणि सगळे आले, डबा उघडा टाकून मृणालसुद्धा.
मला दुखतंय म्हणून एवढी हसणारी माणसं
मी आधी पाहिली नव्हती.

अंगठ्याशेजारचं बोट गेलं, तेही लिही.
बाकावर तीन-तीन तास जातात,
पंखा नुसता आवाज करतो, लिही.

आकडा?
तो गेंदालालला विचार.
तळवा रोज त्यानं पाहिला.
मी माझा तळवा अजून पाहिलेला नाही.