लाल कार्ड

नवापूरच्या दवाखान्यात
अब्नेरच्या नावाचं कार्ड निघालं, लाल.
सिकल. आईकडून अर्धं, माझ्याकडून अर्धं.
आम्हा दोघांना कधी साधा ताप नाही.

दिलं ते ठाऊकही नव्हतं.
बापानं मला दिलं, त्याला त्याच्या बापानं,
रंगावलीच्या काठी मोहाखाली कुणी पहिल्यांदा
हात पुढे केला, कोण सांगणार.

पाळक गावित म्हणाले, हा आजार पाप नव्हे.
नव्हेच. पण आलं त्याच वाटेनं.

रात्री नंदुरबारहून एसटीनं पिशवी आली,
बर्फात. वर नाव नाही, फक्त नंबर.
थेंब. थेंब.
पोराच्या ओठांवर रंग चढला तेव्हा
खिसा चाचपत मी खिडकीशी गेलो.

बाई म्हणाली, याचे पैसे नाहीत.
मग मी काय करू?
बसा, म्हणाली. त्याचा हात धरा.