झाकणभर

परकारभाई मस्कतला लेकीकडे गेले
ते गच्चीवरच्या तेवीस कुंड्या माझ्यावर सोडून.
सोबत खोकल्याच्या औषधाचं एक झाकण:
"महिन्यातून एकदा. या रेघेपर्यंत. ऊन असताना.
बाकी झोपू दे त्यांना, ताई."

हर्णैत कसली आलीय थंडी!
पहाटे अंगावर एक चादर पुरते.
बरणीत तांदूळ टाकले तरी मीठ पाझरतं,
कालचे कपडे आजही वाळले म्हणवत नाहीत,
आणि या काटेरी पाहुण्यांनी
कुठल्याशा वाळवंटाचं पंचांग पाहून
मार्गशीर्षातच डोळे मिटलेले.

माझी तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात वह्या लिहिण्यात गेली.
पाणी आत, लादी बाहेर.
न देण्याचा हिशेब कधी लिहिला नव्हता.

त्यातला एक गोल, पांढऱ्या केसांचा,
अंग चोरून, सुरकुतून बसलेला.
राहवलं नाही. तांब्याभर ओतलं.
आठवडाभर तो टरारून फुगला,
मला वाटलं, बघा, माया कळते सगळ्यांना.
नवव्या दिवशी बुंध्याला बोट लावलं
तर पिकल्या केळ्यात जावं तसं आत गेलं.
वरून हिरवा, काटे जागच्या जागी,
वास मात्र खाजणात अडकलेल्या पाण्याचा.

फोनवर सांगितलं.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा.
मग म्हणाले, "त्याच्या आधीचे दोन मीच मारले.
असेच."

आता नारळाचा हीर घेऊन वर जाते.
मातीत खुपसते, दहा आकडे मोजते,
काढून ओठाला लावते.
गार लागला तर तशीच खाली येते.
कुंडी उचलून बघते:
लिलावानंतरच्या टोपलीसारखी हलकी हवी.
काट्यांवरचं मीठ दाढीच्या ब्रशाने झाडते.
ब्रश यांचा. सहा वर्षं कपाटात होता.
वारा दर्यावरून येतो,
त्याला झाकणावरची रेघ कुठे माहीत?

भिवा रेवाळे कुंपणापलीकडून म्हणाला,
"कलमांनाही ताण बसावा लागतो, वहिनी,
नाहीतर नुसतीच पालवी."
ताण हा शब्द मी आजवर
फक्त डॉक्टरांकडून ऐकला होता.

मुलगा पुण्याहून पहिल्या रविवारी फोन करतो.
जेवलीस का, गुडघा कसा आहे, ठेवू?
पूर्वी मी ठेवू द्यायची नाही.

पौषातला तो एक दिवस.
ऊन चांगलं तापू दिलं,
मग एकेकाच्या कडेकडेने, देठाला न लावता, झाकण ओतलं.
माती स्स म्हणाली.
बाकी कुणी जागं झालं नाही.
खाली बंदरावर बर्फ फोडत होते,
तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

झाकण पालथं घातलं. बावीस मोजल्या.
तेविसावी कुंडी धुऊन उन्हात ठेवलीय,
तिच्यात काही लावलेलं नाही.
भाई आले की विचारीन.