इतिवृत्त: महिन्याचा दुसरा शनिवार

अट-बाशीच्या शाळेत, भूगोलाच्या खोलीत
आम्ही अकरा जणी आणि एक मैराम्बेक.
शेगडीत गोवऱ्या, काचेला आतून बर्फ.
इंग्रजी शिक्षकांची जिल्हा संघटना:
नाव मोठं, तिजोरी म्हणजे बिस्किटांचा डबा.
त्यात वर्गणी, दोन बॅटऱ्या आणि रबरी शिक्का.
शिक्क्याची शाई दर हिवाळ्यात गोठते.

मी चिटणीस.
विषय एक: कॅसेट प्लेअर.
करा-सूच्या शाळेत दोन आठवडे राहून आला,
एक बटण तिथेच ठेवून.
आता मागे जायचं तर रिळात पेन्सिल घालून फिरवायचं.
ठराव: पेन्सिल प्लेअरसोबतच गावोगाव जाईल.

विषय दोन: 'द'.
हा दर वेळी असतो.
आमच्या किरगीझमध्ये घोडा म्हणजे घोडा,
कुठला ते सांगणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्यालाही.
इंग्रजीत मात्र त्याला दारातच अडवून विचारायचं,
तू तोच का, की असाच कुणी एक?
असिलकान-एजे म्हणाल्या, मुलांना सांगा, 'द' म्हणजे लगाम.
लगाम दिसला की ओळखीचा.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
मैराम्बेक म्हणाला, मग सूर्याला का लागतो?
त्याला कुणी घातला लगाम?
एवढ्यात चहा आला.

एजे आमच्यात थोरल्या. वीस वर्षं जर्मन शिकवायच्या.
मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत देश बदलला,
आणि शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी
त्यांच्या हातात इंग्रजीचं पुस्तक ठेवलं,
शेजारणीनं मूल द्यावं तसं, जरा धरा म्हणून.
"रात्री मी धडा सातवा, सकाळी पोरं सहावा.
एक धडा पुढे राहायचं, बस्स.
एकदा आठ दिवस तापानं पडले,
तेवढ्यात एका पोरीनं मला गाठलं."
ती पोरगी मी.

विषय तीन: नवीन सभासद सल्किनाय, वय तेवीस.
उभी राहिली, स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत.
"एक कबूल करायचंय.
इंग्रजी बोलणाऱ्या परक्या माणसाशी
मी आजवर एक वाक्यही बोललेले नाही.
पुस्तकाशी बोलते. ते काही उलट बोलत नाही."
शेगडीत काहीतरी तडकलं.
मग एजेंनी हात वर केला. मीपण नाही.
मग तुर्सुनायनं. मग मैराम्बेकनं, कोपरापासून, अर्धाच.
मी माझा धरून मोजले. दहा.
इतिवृत्तात लिहू?
"लिही," एजे म्हणाल्या, "बहुमत आहे."

मे महिन्याचं इतिवृत्त अपुरं आहे, कारण
सभा चालू असताना फाटकाशी एक सायकलवाला थांबला,
चाक पंक्चर, नाक सोललेलं, चीनच्या सरहद्दीकडे निघालेला.
त्याचं नाव आमच्यातल्या कुणालाच धड लिहिता आलं नाही.
बाराही जणांनी त्याला खुर्चीत बसवला,
पुढ्यात पाव, लोणी, जर्दाळूचा मुरंबा.
सल्किनायला पुढे ढकललं. तिनं विचारलं,
समोर आहे तो 'द ब्रेड' की 'अ ब्रेड'?
तो चावायचा थांबला. बराच विचार केला.
म्हणाला, मी हॉलंडचा, मीसुद्धा शाळेतच शिकलो,
आमचे सर फार मारकुटे होते.
मग म्हणाला, नुसतंच 'ब्रेड',
आणि आणखी मागितला.

हॉलंड ऐकून एजेंनी कप खाली ठेवला,
आणि हळूच जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.
त्यानं जर्मनमध्येच उत्तर दिलं.
त्या पुन्हा बोलल्या, मग थांबल्याच नाहीत.
हात हलत होते, मध्येच हसत होत्या,
एका शब्दाला त्याचीच चूक काढून दिली.
पंधरा वर्षांत मी त्यांना असं
धडा न मोजता बोलताना पाहिलं नव्हतं.
आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं.
कुणी उठलं नाही. पंक्चर तसंच राहिलं.

संध्याकाळी वही उघडली. विषय काय लिहू सुचेना.
लिहिलं: असिलकान-एजे बोलल्या.
शिक्का मारला.
मे होता, शाई जरा जास्तच पसरली.